बारा व्होल्टचा उजेड

१९०७ साली दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. इंग्लंडमध्ये काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन 'कॅरव्हान क्लब' काढला. घोड्यांनी ओढायचं चाकांवरचं घर घ्यायचं, निवांत गावोगाव भटकायचं, रात्री एखाद्या माळावर मुक्काम ठोकायचा, ही त्यांची हौस. त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे, मार्कोनीच्या कंपनीत काम करणाऱ्या हेन्री राउंड नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने 'इलेक्ट्रिकल वर्ल्ड' ह्या नियतकालिकात एक चिमुकलं टिपण छापून आणलं. कार्बोरंडमच्या, म्हणजे आपल्या सहाणेच्या दगडातल्या त्या काळ्या चमकदार पदार्थाच्या स्फटिकाला त्याने दहा व्होल्ट लावले आणि तो दगड पिवळसर उजळला. गरम होऊन नाही हं, थंडच. राउंडने "हे काय आहे कुणाला ठाऊक असेल तर सांगा" अशा थाटात ते लिहिलं आणि तो आपल्या रेडिओच्या कामाला लागला. (आपल्याकडे पंचविशीतला इंजिनिअर बहुधा बेंचवर बसून पुढच्या प्रोजेक्टची वाट बघत असतो. असो.)

ह्या दोन गोष्टींची गाठ पडायला जवळपास शंभर वर्षं लागली. ती पडली मोटरहोमच्या छतात, जिथे कुणीतरी स्टूलवर उभं राहून जुना बल्ब उपसला आणि त्या जागी एलईडी खोचला. वाचताना विषय किरकोळ वाटेल. आपल्यापैकी किती जणांकडे मोटरहोम आहे? माझ्याकडे तर साधी चारचाकीसुद्धा नाही. पण दिव्यांचा इतिहास वाचायला लागल्यापासून मला ह्या चाकांवरच्या घरांनी फार घोळात घेतलंय. त्याचं कारण असं, की आपल्या घरातला दिवा विजेच्या बिलावर चालतो आणि ह्या घरातला दिवा चालतो शिल्लकीवर. आपण रात्रभर दिवा चालू ठेवला तर आई ओरडते, बाकी काही होत नाही. त्यांनी ठेवला तर सकाळी पाण्याचा पंप चालत नाही.

पहिल्यापासून सुरू करू. हौसेसाठी बांधलेलं पहिलं चाकांवरचं घर म्हणून ज्याचं नाव घेतात ते म्हणजे 'द वाँडरर'. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते, आरमारातले माजी डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून हे घर बांधून घेतलं. लाकूड महोगनीचं, वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. त्या काळात अशा गाडीत उजेड म्हणजे तेलाचा दिवा नाहीतर मेणबत्ती. लाकडी घर, पडदे, गाद्या, त्यात हलणारी ज्योत... विचार करूनच घाम फुटतो.

गंमत म्हणजे त्याच १८८५ साली व्हिएन्नात कार्ल आउअर फोन वेल्सबाख ह्या रसायनशास्त्रज्ञाने गॅसच्या दिव्याच्या मेंटलचं पेटंट घेतलं. मेंटल म्हणजे सुताची जाळीदार पिशवी. दुर्मिळ धातूंच्या क्षारांत ती भिजवायची, वाळवायची आणि पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं, मागे राहतो तो त्या धातूंच्या ऑक्साइडचा नाजूक सांगाडा. तो ज्योतीत तापला की झगझगीत पांढरा उजेड देतो. पहिला प्रयत्न मात्र फसला. त्या मेंटलचा उजेड हिरवट होता, लोकांना आवडला नाही, आणि ते चुरगळतही लगेच. कंपनी बुडाली. १८९१ साली आउअरला योग्य मिश्रण सापडलं: ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि फक्त १ टक्का सेरियमचं. तो एक टक्का सेरियम नसेल तर मेंटल निस्तेज दिसतं, जास्त घातलं तरी उजेड उतरतो. सेरियमचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

हे मेंटल आपल्याला परकं नाही. वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्त्या, तमाशाच्या फडातला उजेड, गावच्या जत्रेत भेळवाल्याच्या गाडीवर सूं-सूं करणारी बत्ती, ते सगळं हेच. माझे बाबा अजून सांगतात, मेंटल बांधताना कुणी शिंकलं तरी आजोबा खवळायचे. हवेच्या पंपाचे दट्टे, पिन मारणं, मेंटलला बोट न लावणं, हे सगळे विधी ब्रिटिश कॅरव्हानवाल्यांच्याही नशिबी होतेच, फक्त त्यांच्याकडे रॉकेलच्या जागी बाटलीतला ब्युटेन गॅस आला म्हणून पंप सुटला. अगदी १९६०च्या दशकातल्या ब्रिटिश कॅरव्हानमध्येसुद्धा भिंतीवर गॅसचे दिवे असायचे. उजेड सुरेख, आणि थंडीत ऊब फुकट. पण बंद खोलीत ज्योत म्हणजे ऑक्सिजन खाणार, बाष्प सोडणार, खिडक्या आतून ओल्या होणार. आणि खड्ड्यांचा रस्ता लागला की मेंटलची राख.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या किनाऱ्यावरून जातं. थोरियम आणि सेरियम दोन्ही ज्या खनिजातून मिळतात ते मोनाझाइट. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. काथ्याला! म्हणजे पायपुसणी आणि दोरखंड विकत घेता घेता युरोपला मेंटलचा कच्चा माल मिळाला. मग केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची वाळू चाळून परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली ती ह्याच वाळूसाठी. मेंटल बनवून जे सेरियम उरायचं त्याचंही आउअरने सोनं केलं. त्यात लोखंड मिसळून १९०३ साली त्याने लायटरचा 'खडा' बनवला. त्यामुळे कॅरव्हानमधला गॅसचा दिवा लावायला जी ठिणगी पाडायची तीसुद्धा सेरियमचीच.

आता विजेकडे. ती ह्या घरांत मोटारीच्या मागून आली. शिसं आणि आम्लाच्या बॅटरीत एका घराचे साधारण दोन व्होल्ट मिळतात. जुन्या मोटारींत तीन घरं असायची म्हणून सहा व्होल्ट. १९५०च्या दशकात मोठी इंजिनं सुरू करायला ते पुरेनात, म्हणून अमेरिकन गाड्या बारावर आल्या. फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध बस, जिची वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून कॅम्पर बनवायला घेतली, ती १९६७च्या मॉडेलला बारावर आली. म्हणजे आज मोटरहोममध्ये जो '१२ व्होल्ट' हा आकडा जणू निसर्गनियम म्हणून बसलाय, तो दिव्यांसाठी कुणी निवडलेलाच नाही. तो स्टार्टरसाठी निवडला, दिवे त्याच्या मागे फरफटत आले. आपल्या क्षेत्रात ह्याला लेगसी म्हणतात आणि शिव्या देतात.

अमेरिकेत वॉली बायमच्या 'एअरस्ट्रीम' कंपनीने १९३६च्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या 'क्लिपर'मध्ये विजेचे दिवे दिले होते. पण खरी झेप १९५७ची. त्या वर्षीची 'इंटरनॅशनल' ही गाडी पूर्ण स्वयंपूर्ण म्हणून आली. बाहेरून पाणी नको, वीज नको, गटार नको. ही स्वयंपूर्णता सगळी येऊन अडायची कुठे, तर बॅटरीत. अमेरिकन गाड्यांत छताला जो बल्ब सर्रास लागायचा त्याचा नंबर ११४१. मोटारीच्या इंडिकेटरच्या जातीचा, १.४४ अँपिअर खाणारा, म्हणजे अठरा वॉटचा. एका दिव्याच्या झाकणाखाली बहुतेक वेळा असे दोन. सहा बल्ब संध्याकाळी पाच तास लावले तर साधारण ४५ अँपिअर-तास गेले. आणि १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवायची नाही हा नियम, नाहीतर ती लवकर मरते. त्यात विल्हेल्म पॉइकर्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने १८९७ सालीच दाखवून ठेवलंय की बॅटरीतून करंट जितका घाईने काढाल तितकी तिची एकूण झोळी लहान होते. हिशोब सरळ आहे: एक संध्याकाळ झाली की दुसऱ्या दिवशी इंजिन चालवा नाहीतर कॅम्पसाइटवर पैसे भरून प्लग जोडा.

ह्यावर दोन तोडगे निघाले. एक म्हणजे ट्यूब. ट्रान्झिस्टर स्वस्त झाले तसे १२ व्होल्टवर चालणारे इन्व्हर्टर त्या दिव्यातच बसवता आले आणि एक फुटाची ८ वॉटची नळी कॅरव्हानच्या छताला लागली. वीज वाचली, पण चेहरे मेल्यासारखे दिसायचे, रेडिओ लावला की त्यात किर्रर्र, आणि बॅटरी उतरली की नळीची टोकं काळी पडायची. दुसरा तोडगा हॅलोजनचा. जनरल इलेक्ट्रिकच्या एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली ह्यांचं पेटंट १९५९ सालचं, आणि पुढे त्यातूनच करंगळीच्या नखाएवढी, दोन पिनांची 'जी-४' कुपी आली. १० वॉट, १२ व्होल्ट. उजेड देखणा, सोनेरी. युरोपच्या मोटरहोममध्ये नव्वदच्या दशकात जिकडेतिकडे हीच. पण तापायची इतकी की प्लॅस्टिकची झाकणं पिवळी पडून तडकायची. आणि शेवटी ती तारच तापवणं. विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णताच.

राउंडच्या दगडाचं दरम्यान काय झालं? फारसं काही नाही, आणि त्यातला एक भाग वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. ओलेग लोसेव्ह नावाचा एक रशियन तरुण, १९०३चा जन्म, निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. त्याने १९२०च्या दशकात हाच थंड उजेड पुन्हा पाहिला, आणि राउंडसारखा सोडून दिला नाही. कोणत्या करंटला किती उजेड, किती वेगाने चालूबंद होतो, सगळं मोजलं, लेख लिहिले, पेटंट घेतलं. उच्च शिक्षण पूर्ण झालेलं नाही, मोठं पद नाही. १९४२च्या जानेवारीत, लेनिनग्राडच्या वेढ्यात, तो उपासमारीने गेला. वय ३८. एलईडीच्या गोष्टीत बहुतेक लेखक थेट १९६२ला उडी मारतात, तेव्हा लोसेव्ह एका वाक्यात संपतो किंवा येतच नाही.

१९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याकने डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी केला. साठच्या दशकाच्या शेवटी मोन्सँटोने तो घाऊक बनवायला घेतला, १९७२ला जॉर्ज क्रॅफर्डने पिवळा केला. पण लाल, पिवळा, हिरवा हे सगळे 'मशीन चालू आहे' एवढं सांगणारे ठिपके. पुस्तक वाचायला पांढरा उजेड हवा, आणि पांढऱ्यासाठी निळा. निळ्याने सगळ्यांना रडवलं. त्यासाठी लागणारं गॅलियम नायट्राइड नीट वाढत नव्हतं. अमेरिकेत आरसीएमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जॅक पांकोव्ह आणि हर्बर्ट मरुस्का ह्यांनी त्यातून निळा-जांभळा मंद उजेड काढून दाखवला होता. कंपनीने नाद सोडला. नागोयाला इसामू अकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी आमानो ह्यांनी सोडला नाही. १९८६ला त्यांना चांगला स्फटिक मिळाला, १९८९ला त्यात हवा तो पी-प्रकारचा थर जमला. आणि मग शिकोकू बेटावरच्या आनान ह्या आडगावात, निचिया ह्या कंपनीत, शुजी नाकामुरा. १९९३च्या शेवटी त्याचा झगझगीत निळा एलईडी जाहीर झाला.

नाकामुराची गोष्ट तुम्हाला बहुधा माहीत असेल. एकांडा शिलेदार, कंपनीने बक्षीस दिलं वीस हजार येन, त्याने कोर्टात खेचलं, २००४ला जिल्हा न्यायालयाने वीस अब्ज येन द्यायला सांगितले, पुढच्या वर्षी तडजोड सुमारे ८४ कोटी येनांवर झाली, आणि २०१४ला अकासाकी-आमानोंसोबत नोबेल. आपल्या ऑफिसात अप्रेझलच्या मोसमात ही गोष्ट हमखास फिरते. मला मात्र तिच्यात एक गोष्ट कायम राहून गेलेली वाटते. निळ्यापासून पांढरा झाला तो १९९६ला, आणि तो निचियातच झाला, ह्याला कारण आहे. निचियाचा मूळ धंदा सेमीकंडक्टर नव्हताच. ती फॉस्फर बनवणारी कंपनी, ट्यूबच्या नळीला आणि टीव्हीच्या काचेला आतून जी पूड लावतात ती. निळा चिप हातात आल्यावर त्यावर पिवळी पूड थापायची बुद्धी पूडवाल्यांनाच होणार ना! निळ्याचा काही भाग तसाच बाहेर येतो, काही भाग पूड गिळते आणि पिवळा करून सोडते, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं.

ती पूड कसली? यट्रियम आणि ॲल्युमिनियमचा गार्नेट, आणि त्यात किंचित सेरियम. हो, तोच तो. निळा पकडून पिवळा सोडायचं काम सेरियमचा अणू करतो. आउअरच्या मेंटलमधला तो एक टक्का आणि छतातल्या एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यातला हा चिमूटभर, दोन्हीकडे तोच धातू. भौतिकी मात्र पार वेगळी. मेंटलमध्ये तो तापून उजळतो, इथे थंडपणे रंग बदलतो. थोरियम किरणोत्सारी म्हणून अलीकडे बऱ्याच मेंटलमध्ये त्याच्या जागी यट्रियम घालतात, म्हणजे दोन्ही दिव्यांचं सामान आता आणखीच जवळ आलंय. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री एक वाजता एका मित्राला फोन करून सांगितलं होतं. त्याने "बरं" म्हणून ठेवून दिला.

आता खरा मुद्दा. १९९६चा पांढरा एलईडी महाग होता आणि एका दाण्याचा उजेड देवघरातल्या दिव्याएवढासुद्धा नव्हता. २००० साली रोलंड हाइत्झ ह्या एजिलेंटमधल्या शास्त्रज्ञाने अंदाज मांडला की दर दहा वर्षांत एका ल्युमेनची किंमत दहा पटींनी उतरेल आणि एका दाण्यातून मिळणारा उजेड वीस पटींनी वाढेल. तोपर्यंत घरात एलईडी लावणं वेडेपणाच होता, कारण घरात वीज स्वस्त. मग असा महाग, मिणमिणता दिवा विकत कोण घेणार? ज्याच्याकडे तारच पोचत नाही तो. १९९७ साली कॅलगरी विद्यापीठातले डेव्ह अर्विन-हॅलिडे नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात फिरत होते, तिथली रॉकेलच्या धुरातली घरं आणि शाळा बघून परत गेले आणि खटपट करत शेवटी निचियाच्या पांढऱ्या दाण्यापाशी पोचले. वॉटच्या दहाव्या हिश्श्यात एक मूल वाचू शकतं हे त्यांना दिसलं. २००० साली नेपाळच्या काही खेड्यांत ते दिवे लागले. आणि त्याच सुमाराला, पार दुसऱ्या टोकाला, पेन्शनीत निघालेले अमेरिकन आणि युरोपियन जोडपे मोटरहोमच्या छतात ५ मिलिमीटरच्या दाण्यांचे झुबके सोल्डर करून बसवत होते. एकाकडे काही नाही म्हणून, दुसऱ्याकडे सगळं आहे आणि त्यातून चार दिवस पळून जायचंय म्हणून. गणित दोघांचं एकच: एका अँपिअर-तासाला किती उजेड. एका बाजूला मुलांचे डोळे आणि फुफ्फुसं पणाला लागलेली, दुसऱ्या बाजूला फार तर सुट्टी. त्यामुळे दोघांना एका वाक्यात बसवताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. पण सुरुवातीचे वापरणारे ह्या दोन्ही टोकांना होते, मधल्या आपल्यासारख्यांत नव्हते. आपल्याकडे तो घाऊक आला २०१५च्या 'उजाला' योजनेनंतर, जेव्हा सरकारी खरेदीत एका बल्बचा भाव ३१० रुपयांवरून ३८वर उतरला.

मी लीड्सला ऑनसाइट होतो तेव्हा क्लायंटकडच्या एका सहकाऱ्याचं जुनं, नव्वदच्या दशकातलं मोटरहोम जवळून बघायला मिळालं. त्याने मला "तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना?" म्हणून एका शनिवारी बोलावलं. (घरी 'पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून पंखा दुरुस्त करायला सांगतात, त्याची ही विलायती आवृत्ती.) छतात आठ जी-४ हॅलोजन, १० वॉटचे. एकूण ८० वॉट, पावणेसात अँपिअरच्या आसपास. चार तासांत जवळपास २७ अँपिअर-तास. त्याची बॅटरी ११०ची, म्हणजे वापरायला ५५. नुसते दिवेच दोन रात्रींत ती संपवणार, वर पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा. त्याच्या बायकोला रात्री वाचायची सवय, त्यामुळे "अजून किती पानं?" हा त्यांच्या घरातला जुना वाद. दीड वॉटचे आठ एलईडी लावले की मिळून बारा वॉट, एक अँपिअर. चार तासांचे चार. उजेड साधारण तेवढाच. वादच मिटला.

पण त्याने ह्याआधी, २००८च्या सुमाराला, एकदा असे बल्ब बसवून पाहिले होते आणि ते वर्षभरात गेले होते. तो डबा त्याने जपून ठेवला होता, तो उघडून आम्ही बसलो. कारण सुंदर आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पांढऱ्या एलईडीच्या एका दाण्याला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. स्वस्तातल्या बल्बात असे तीन दाणे ओळीने, म्हणजे ९.६ व्होल्ट, आणि उरलेले २.४ व्होल्ट खायला एक रेझिस्टर. कागदावर बारा व्होल्टचा हिशोब चोख. पण मोटरहोममधले बारा व्होल्ट बारा कधीच नसतात. इंजिन चालू असताना किंवा चार्जर लावलेला असताना ते १४.४पर्यंत चढतात. दाण्यांवर तेवढेच ९.६ राहतात, आणि रेझिस्टरवर २.४च्या जागी ४.८. म्हणजे करंट सरळ दुप्पट! व्होल्टेज वाढलं २० टक्के, करंट १०० टक्के. हॅलोजनची तार असलं थोडंफार सोसते, एलईडीचा दाणा आतून भाजतो आणि हळूहळू मंद होत जातो. पुढच्या बल्बांत रेझिस्टर जाऊन एक छोटा स्विचिंग रेग्युलेटर आला, पाकिटावर '१०-३० व्होल्ट' असं लिहिलेलं असतं तो. आत काहीही येवो, दाण्याला करंट ठरलेलाच. पिनांपाशी डायोडचा ब्रिज असेल तर बल्ब उलटा खोचला तरी पेटतो. हॅलोजनला सुलटं-उलटं काही नसल्यामुळे जुन्या गाड्यांत तारा कशाही जोडलेल्या असतात, म्हणून तेही लागतं.

ह्या रेग्युलेटरचीही एक खोड आहे. तो सेकंदाला लाखो वेळा चालूबंद होतो आणि फिल्टरवर पैसे वाचवलेले असले तर छतातच एक छोटं रेडिओ स्टेशन तयार होतं. दिवा लावला की एफएम गायब. ट्यूबच्या इन्व्हर्टरची किर्रर्र पुन्हा हजर, फक्त नव्या कपड्यांत.

रंगाचंही तसंच. सुरुवातीचे पांढरे एलईडी निळसर होते, कारण पिवळी पूड स्वस्त आणि निळा भरपूर. आतून सागवानी रंगाचं, मखमली गाद्यांचं मोटरहोम त्या उजेडात थेट ऑपरेशन थिएटर दिसायचं. आउअरच्या हिरव्या मेंटललाही लोकांनी असंच नाकारलं होतं. लाल छटा देणारे नवे फॉस्फर मिसळून २७००-३००० केल्विनचा उबदार उजेड मिळायला लागल्यावरच घरातल्या बाकीच्या मंडळींनी ह्या बदलाला मान्यता दिली. दिव्याचा निर्णय कार्यक्षमतेवर होतो असं इंजिनिअरांना वाटतं. तो जेवणाच्या ताटातली भाजी कशी दिसते ह्यावर होतो.

आता हे सगळं जवळजवळ संपल्यात जमा आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून युरोपियन युनियनमध्ये नव्या जी-४ हॅलोजन कुप्या बाजारात आणायला बंदी झाली. नवीन मोटरहोममध्ये एलईडी कारखान्यातूनच येतात, बल्ब म्हणून नव्हे तर छताच्या पट्टीत चिकटवलेले, त्यामुळे बदलायची सोयच नाही. एक पट्टी गेली की अख्खं पॅनेल. मला हे पटत नाही, पण मला विचारतो कोण. बॅटऱ्याही लिथियमच्या होत चालल्यात, तिथे निम्म्याचा नियम नाही. दिव्यांचा खर्च तर आता हिशोबातसुद्धा धरत नाहीत.

वाचलेले अँपिअर-तास मात्र शिल्लक पडलेले नाहीत. त्या सहकाऱ्याने दिवे बदलल्यावर रोजचे २३ अँपिअर-तास वाचले, आणि वर्षभरात त्याने गॅसवरचा जुना फ्रीज काढून कॉम्प्रेसरचा घेतला, तो दिवसाला तीस-चाळीस खातो. मग छतावर सोलर पॅनेल आलं. आता त्याला लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर हवाय, कारण तो शुक्रवारी तिथूनच काम करायचं म्हणतोय.